पन्नास-साठ हजारांत पहिली मोटारसायकल: आधी आरसी, मग किक

दिवाळी झाली आणि तासगावहून भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी बघितलीय. पल्सर टू-ट्वेंटी. पंचावन्न म्हणतोय, पन्नासला देईल." मी विचारलं, आरसी (गाडीचं नोंदणीपुस्तक) कुणाच्या नावावर आहे? पलीकडे शांतता. मग, "ते नाही विचारलं. पण गाडी एक नंबर आहे, आवाज ऐकवू का?" आणि पठ्ठ्याने खरंच फोनवर रेस मारून दाखवली.

त्याला बोलायला मी तरी कुठल्या तोंडाने जाणार? माझी पहिली गाडी मी एका दलालाकडून घेतली होती आणि स्वस्तात पडली म्हणून आठ दिवस गावभर सांगत फिरलो होतो. मूळ मालकाचं कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या नावाची नोंद, उतरवलेला नव्हता आणि कर्ज देणाऱ्या कंपनीची आमच्याकडची शाखा बंद झाली होती. एका एनओसीसाठी (ना-हरकत दाखल्यासाठी) आठ महिने गेले, चार वेळा पुण्याला हेलपाटा झाला. गाडी माझ्या दारात आणि नाव दुसऱ्याचं. शंभर सीसीचं इंजिन बिघडलं तर मेकॅनिक काही हजारांत बांधून देतो, पण बिघडलेले कागद कुठल्याच गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाहीत. म्हणून या लेखात गाडीआधी कागद येणार आहेत. कंटाळा करू नका.

पैसे कसे वाटायचे

हातात साठ हजार असतील तर साठ हजारांची गाडी बघायची नाही. पंचेचाळीस-सत्तेचाळीस हजारांची बघायची. उरलेल्यात विमा, नाव लावण्याचा खर्च, पहिली सर्व्हिसिंग, एखादा टायर आणि हेल्मेट बसवायचं. जुन्या गाडीचा पहिला महिना खिशाला जड जातोच. पैसे राखून ठेवले नसतील तर नेमका विमा किंवा ब्रेक पुढे ढकलला जातो.

दुसरा हिशेब पेट्रोलचा. भाचा तासगावहून कुपवाड एमआयडीसीत जातो, जाऊन-येऊन साधारण पन्नास किलोमीटर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १,३०० किलोमीटर. ६० चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला पावणेबावीस लिटर लागतं, ४० देणारीला साडेबत्तीस. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला अकराशे रुपयांचा फरक, म्हणजे वर्षाला तेरा हजारांच्या वर. टू-ट्वेंटीचं भूत तिथेच निम्मं उतरलं.

नवी की जुनी

हा प्रश्न पूर्वी इतका अटीतटीचा नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि साध्या शंभर सीसी गाड्या हजारोंनी स्वस्त झाल्या. नवी गाडी ऑन रोड, म्हणजे सगळे कर-खर्च धरून, किती पडते ते शोरूममध्ये जाऊन लिहून आणा, जुनी घ्यायची ठरवली असली तरी. तो कागद पुढे भाव करताना उपयोगी पडतो.

शोरूमच्या कागदावर एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर आणि विमा हे असणारच. त्याखालच्या ओळी वाचा. 'हँडलिंग चार्जेस', 'अ‍ॅक्सेसरीज पॅक', 'टेफ्लॉन कोटिंग' यांतलं काहीही सक्तीचं नसतं. विमाही त्यांच्याकडूनच घ्यायला हवा असं नाही. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) मात्र घ्यावाच लागतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून तसा नियम आहे. आणि नव्या गाडीबरोबर हेल्मेट मिळायला हवं असा नियम आहे, ते मागून घ्या.

हप्त्याने घेणार असाल तर एकच शब्द विचारा: व्याज 'फ्लॅट' आहे का? ६०,००० रुपये तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज १८,००० आणि हप्ता २,१६७ रुपये. ऐकायला दहा टक्के, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर देत असता. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर जवळपास १८ टक्के होतो. आधी पतसंस्थेत किंवा बँकेत विचारून या.

माझं मत सांगतो. ज्याला गाडी येत नाही, त्याची पहिली गाडी दोन-तीन वेळा आडवी होणारच आहे. ती जुनी असलेली बरी.

कुठली घ्यावी

स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाईन, टीव्हीएस स्पोर्ट. नावं ऐकून पोरं नाक मुरडतात, पण या गाड्यांचा क्लच वायर किंवा ब्रेक शू आटपाडीतही मिळतो आणि कवठेमहांकाळच्या बाजारातही. जुन्या स्पोर्ट्स गाड्या स्वस्त दिसतात, कारण त्यांचा एक फेअरिंगचा (बाहेरच्या आवरणाचा) तुकडा किंवा डिस्क प्लेट बदलायची म्हटली की मालक विकायला काढतो.

वजनही बघा. स्प्लेंडर ११२ किलोची, क्लासिक ३५० तब्बल १९५ किलोची. उतारावर थांबून मागे ढकलताना हा फरक मांड्यांना कळतो. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले पाहिजेत.

वर्ष निवडताना तीन तारखा लक्षात ठेवा. एप्रिल २०१७ नंतरची गाडी बीएस-४ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा सरकारी मापदंड). एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय) आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस सक्तीची झाली. एप्रिल २०२० नंतर बीएस-६, म्हणजे या वर्गातल्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. बजेटमध्ये बसत असेल तर बीएस-६ घ्या, थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने फार जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर लवकर खराब होऊ शकतात, हाही एक मुद्दा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. बारा-तेरा वर्षांची गाडी घेतलीत तर दोन-तीन वर्षांत पुन्हा पासिंगचा खर्च तुमच्याच गळ्यात.

आरसी मागा, गाडी नंतर

शोधायला ऑनलाइन जाहिराती आहेत, ऑटो कन्सल्टंट आहेत. पण सर्वांत चांगली गाडी ओळखीतून मिळते: शिक्षक, पोस्टमन, बदली झालेला बँकेतला माणूस. 'सिंगल हँड' (एकाच मालकाने वापरलेली) हा शब्द जाहिरातीत असला तर हसून सोडून द्या, ओळखीत असला तर जाऊन बघा.

गाडी बघायला निघण्याआधी आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. "आल्यावर दाखवतो की" म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. नंबर सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर टाका आणि हे पडताळा: नोंदणीची तारीख, मालकाचा अनुक्रम (पहिला, दुसरा, तिसरा), विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, आणि वित्तपुरवठादाराचं नाव आहे का. नाव असेल तर बोजा आहे. "कर्ज फिटलंय हो" याला काही किंमत नाही. बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात पाहिजे. त्याहून चांगलं म्हणजे बोजा मालकानेच उतरवून द्यायचा, मग व्यवहार. माझे आठ महिने याच ओळीत गेले.

मग महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीवरचे दंड बघा. सात-आठ हजारांचे दंड थकलेली गाडी मालकाला आठवत नसते, संगणकाला आठवते.

आमच्या सीमेकडच्या भागात गोवा किंवा कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्त सांगतात. परराज्यातली गाडी आणायची तर फॉर्म २८ वर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला कर पुन्हा भरावा लागतो. हे सगळं धरून ती स्वस्त उरत नाही. मालक वारला असेल आणि मुलगा विकत असेल, तर आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या, मग बोला. रडवेला चेहरा बघून घाई करू नका.

भाच्याच्या टू-ट्वेंटीचं काय झालं? विकणारा तिसरा मालक निघाला आणि आरसीवर नाव अजून पहिल्याचंच. मधल्याने फक्त सह्या केलेले टीटी फॉर्म (नाव बदलायचे अर्ज) पुढे सरकवले होते. विषय संपला.

गाडी बघायला सकाळी जा

सकाळीच, ऊन चढायच्या आत, आणि पावसात मुळीच नाही. ओल्या गाडीचा रंग चांगला दिसतो. मालकाला आधीच सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर गप्पा मारता मारता हाताचा पालथा पंजा इंजिनजवळ न्या. गरम लागलं तर थंड गाडी सुरू होत नाही हे लपवायचं आहे असं समजा. चहा घ्या, तासाभराने बघा.

आधी नंबर. चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो, इंजिन नंबर इंजिनच्या खोक्यावर. फडक्याने पुसून एकेक अक्षर आरसीशी जुळवा. अंगठा फिरवला की कोरलेलं आणि घासून पुन्हा ठोकलेलं यातला फरक लागतो.

मग खाली वाका. आमच्याकडे दोन गोष्टी मुद्दाम बघाव्या लागतात. पहिली, दुधाचे कॅन वाहिलेली गाडी. सीटखाली मागच्या चौकटीवर हूक बसवल्याच्या खुणा, वेल्डिंगचे डाग, मागचे दोन्ही शॉकअप मेलेले. सीटवर जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा उड्या मारल्या तर शॉकअपचा खर्च धरा. दुसरी गोष्ट पूर. ऑगस्ट २०१९ ला आणि पुन्हा जुलै २०२१ ला सांगली-कोल्हापुरात महापूर आला, त्याच जुलैत चिपळूणही बुडालं. त्यांतल्या किती गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या हे कोण सांगणार. हेडलाइटच्या आत कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची पिवळसर रेघ, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी, सीट काढल्यावर येणारा ओला वास, हे काही पॉलिशने जात नाही. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेचा गंज सायलेन्सरच्या पोटाखाली आणि चौकटीच्या जोडांत शोधा.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च आत मारा. आतली भिंत लालसर दिसली तर तो गंज पुढे इंजेक्टरमध्ये जाणार.

गाडी मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागून दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हळूच फिरवा. मध्ये कुठे 'टक' करून अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. चाक धरून पुढे-मागे हलवलं आणि खडखड झाली तर तोही कोनसेटच, आडवं हललं तर चाकाचं बेअरिंग. पुढच्या फोर्कच्या चकचकीत दांड्यांवर तेलाचं कडं दिसतंय का बघा, दिसलं तर ऑइल सील गेलंय. मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चक्रावरची) चेन चिमटीत धरून मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडे पडले तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलावा लागेल.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक होऊन पावसात घसरतो. यातून एक गंमतही कळते. मीटर १८,००० किलोमीटर दाखवत असेल आणि टायर गाडीबरोबरचेच असतील तर जुळतं. दोन्ही टायर बदललेले, गिअरच्या दांडीचं रबर गुळगुळीत झालेलं, फूटरेस्ट झिजलेलं, आणि तरी १८,००० म्हणत असेल, तर मीटर फिरवलंय.

आता किल्ली. बीएस-६ गाडीत किल्ली फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय. सेल्फ सोडा, किकने सुरू करा. मागे उभं राहून धूर बघा. थंडीत थोडी पांढरी वाफ निघते, ती लगेच थांबते. रेस दिल्यावर निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला तर पिस्टन-रिंगचं काम आहे. हलकी टकटक टॅपेटची असते, ती अ‍ॅडजस्ट होते. आतून खरखर येत असेल तर टायमिंग चेनचं काम आहे. ऑइलचं झाकण काढून बघा, काळं ऑइल चालेल, दुधाळ नको.

चालवताना मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात एकदम रेस द्या. इंजिनचा आवाज चढला पण गाडी पुढे पळाली नाही, तर क्लच प्लेट संपल्यात. शेवटी दुसऱ्याला सरळ चालवायला सांगून तुम्ही मागे उभे राहा. दोन्ही चाकं एका रेषेत जाताहेत ना? खेकड्यासारखी तिरकी चालणारी गाडी ठोकलेली असते. ती फुकट दिली तरी नको.

हे सगळं झाल्यावरही ओळखीच्या मेकॅनिकला दोन-तीनशे रुपये देऊन दाखवा. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

भाव

आम्हाला पलूसकडे एक स्प्लेंडर मिळाली. २०२० ची, बीएस-६, ४१,००० किलोमीटर, एका शिक्षकांची. सर ५२ म्हणाले. मी नव्या गाडीचा कागद काढला नाही, तो शेवटी काढायचा असतो. आधी दोष मोजले: मागचा टायर दोन हजार, चेन-स्प्रॉकेट दीड हजार, आणि विमा संपलेला. हा शेवटचा मुद्दा सरांना मान्यच नव्हता. अ‍ॅपवर दाखवला तेव्हा लक्षात आलं की घेताना भरलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०२५ मध्येच संपला होता. पाच वर्षं काही करावं लागलं नाही, म्हणून लक्षातच राहिलं नव्हतं. त्या वर्षीच्या गाड्यांत हे हमखास सापडतं. "सर, नवी आता किती खाली आलीय बघा," म्हणून मग कागद पुढे केला. सत्तेचाळीसला ठरलं. दोष खोटे काढू नका, गावाकडचा व्यवहार पुढे वर्षभर पारावर चघळला जातो.

पैसे आणि सह्या

इसार म्हणून हजार-दोन हजार द्या, तेही पावती लिहून. उरलेली रक्कम ज्याचं नाव आरसीवर आहे त्याच्याच बँक खात्यात. मेहुण्याच्या यूपीआयवर नाही.

नाव बदलण्यासाठीच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर मालकाने तुमच्यासमोर सही करायची. कोऱ्या फॉर्मवर आधीच केलेल्या सह्या घेऊ नका. ऑनलाइन अर्जात मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून अर्ज त्याच बैठकीत भरून टाका. महिनाभराने सरांना "ओटीपी सांगा" म्हणून फोन केला की त्यांना सायबर चोर वाटतो. विक्रीच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, 'सायंकाळी ५.४०' अशी. त्या दिवशी सकाळी त्या गाडीने काही केलं असेल तर ते तुमच्या माथी नको.

राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्यालाही याची गरज आहे, हे त्यांना समजावून सांगा. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. हे ऐकल्यावर सर स्वतःच आरटीओत यायला तयार झाले. नाव लावायची सरकारी फी काही शेकड्यांत असते. एजंटला द्याल ते वेगळं.

पहिला महिना

विमा त्याच दिवशी. गाडी विम्याविना रस्त्यावर आणायचीच नाही. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा वार्षिक दर २०२२ मध्ये ७१४ रुपये ठरला, त्यावर कर आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण. चालू विमा मिळाला असेल तर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून तो आपल्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो.

लायसन्स 'विदाउट गिअर'चं असेल तर ते मोटारसायकलला चालत नाही. भाच्याचं तसंच निघालं. लर्निंगनंतर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, म्हणून हे काम गाडी शोधायला लागल्या दिवशीच सुरू करा.

गॅरेजमध्ये ऑइल, प्लग, एअर फिल्टर आणि मागचे ब्रेक शू न बघता बदला. ऑइल मोटारसायकलचंच हवं. यात क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, उरलेलं कारचं ऑइल ओतलं की तो घसरायला लागू शकतो. जुन्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर प्लेटची मागणी नोंदवा, दुचाकीला ४५० रुपये आणि कर. हेल्मेटवर आयएसआय शिक्का बघा, रस्त्याकडेला टांगलेलं दीडशे रुपयांचं नको.

नवी आरसी स्पीड पोस्टाने घरी येते, म्हणून अर्जात पत्ता पूर्ण लिहा. भाच्याने मळ्याचं नाव लिहिलं नव्हतं, कार्ड तासगावच्या पोस्टातून परत गेलं. पुन्हा मागवून घेताना तीन आठवडे लागले. तोवर रोज संध्याकाळी घरी येताना त्याचं पोस्टमनला विचारणं चालूच: "काका, माझं पुस्तक आलं का?"